डबा मजबूत दाखवा!

दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. धूळ आणि किस्से. धुळीसाठी आमच्याकडे ब्लोअर आहे. किश्शांसाठी अजून कुणी काही काढलेलं नाही, म्हणून आज थोडे तुमच्या अंगावर झटकतो!

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात आमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि अंबादासचं. अंबादास पुढे काउंटरवर बसतो, गोड बोलतो आणि माल विकतो. मी मागे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतो आणि कुरकुरतो. त्याच्या घरी माग होते, घरातली भाषा तेलुगू. माझे वडील गिरणीत. आम्ही दोघं शाळेत एका बाकावर होतो. तेव्हा तो मला "काय बे विलास" म्हणायचा, आता आमच्या दोघांच्याही डोक्यावरचे केस गेले तरी तेच म्हणतो.

आजचे किस्से एकाच वस्तूचे. ज्यात कॉम्प्युटरचं सगळं सामान बसवतात, तो लोखंडी डबा. धंद्यात त्याला कॅबिनेट म्हणतात. पण आमच्या गिऱ्हाइकांत त्याला कॅबिनेट म्हणणारा माणूस मला महिन्यातून एखादा भेटतो. बाकी सगळे म्हणतात सीपीयू!

खरा सीपीयू म्हणजे आत बसवलेली बिस्किटाहून लहान चौकोनी चकती. कॉम्प्युटरचा मेंदू. पण लोक म्हणतात, "सीपीयूवर चहा सांडला." "सीपीयू टेबलाखाली ठेवला तर चालंल का?" "सीपीयूला पाय लागला हो, पाया पडलो, तरी सुरू होईना!"

दुकान नवं होतं तेव्हा मी सगळ्यांना सुधारायला जायचो. एकदा एका बाईंना कॉम्प्युटर जोडून दिला आणि शहाणपणानं म्हणालो, "मॅडम, ह्याला सीपीयू म्हणत नाहीत. हे कॅबिनेट."

बाई उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "मग सीपीयू दिलाच नाही का तुम्ही?"

अर्धा तास! अर्धा तास अंबादास त्यांची समजूत काढत होता. त्या गेल्यावर मला म्हणाला, "काय बे विलास, त्या काय मागत होत्या ते तुला कळलं होतं की नाही?"

"कळलं होतं."

"मग झालं की!"

त्या दिवसापासून मी सुधारणा बंद केली. त्याचं काय झालं ते सांगतोच.

* * *

अकलूजचे एक बागायतदार आले. ऊस, दोन ट्रॅक्टर, आवाज खणखणीत. मुलगी डिझाइनिंग शिकत होती, तिला कॉम्प्युटर घ्यायचा होता. मुलगी बिचारी प्रोसेसर, रॅम असं काहीबाही विचारत होती. वडिलांचं लक्ष फक्त डब्यांकडे.

"त्यो काचंचा दावा."

काचेचा म्हणजे एक बाजू पूर्ण काच, आत सात रंगांत फिरणारे पंखे. माझा ह्या प्रकाराला विरोध आहे. सोलापूरच्या धुळीत काचेचा डबा घेणं म्हणजे रोज पुसायचं एक काम विकत घेणं. शिवाय त्या काचेचे पैसे शेवटी आतल्या सामानातून जातात. मी मागून तसं बोललोसुद्धा. पण हॉलमध्ये शोभला पाहिजे म्हटल्यावर माझं कोण ऐकतो?

डबा भरून तयार झाला. बागायतदार वाकून काचेतून बघायला लागले. त्यांचा चेहरा पडला.

"एवढा मोठा डबा, आन आत वाटीभर सामान?"

अंबादास म्हणाला, "मालक, गोदाम मोठं आहे. माल पुढं वाढवा की."

ते गेले, मी विसरलो. पंधरा दिवसांनी फोन आला. आवाज एकदम हळू, काळजीचा.

"आवो, ती जागा रिकामी बरी दिसंना. म्हनून आमी तितं गणपती बसवलाय. पितळंचा. लाईट लई झ्याक पडती अंगावर. फकस्त येक विचारायचं हुतं..."

"विचारा की."

"मूर्तीला गरम तर होत न्हाय ना?"

मी म्हणालो, "मालक, चार पंखे आहेत आत. तुमच्या घरात सगळ्यात गार तेच आहेत!"

मूर्ती तिथून काढायला सांगायचं मला धाडस झालं नाही. फक्त अगरबत्ती बाहेर लावा म्हणालो.

* * *

सुरेखाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी दुकानात कुणालाच काही विचारलं नाही. ओळीनं मांडलेल्या डब्यांपुढे बसल्या आणि प्रत्येक डब्याच्या प्रत्येक भोकात करंगळी घालून बघायला लागल्या!

अंबादासनं माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची सोडून पुढे आलो.

"ताई, काय बघताय?"

"करंगळी गेली की उंदराचं पिल्लू जातं, दादा."

करमाळ्याच्या पलीकडे त्यांचं गाव. घरचं मेंढरांचं. नवरा मेंढरं घेऊन वर्षातले सहा महिने बाहेर. ह्या बाईनं गावात झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि पासपोर्ट फोटोचं दुकान टाकलेलं. एका खोलीत, मागच्या भिंतीला कडब्याची गंज. आधीचा कॉम्प्युटर कुणाच्या तरी सल्ल्यानं स्वस्तात घेतलेला, पातळ पत्र्याचा. त्यात उंदरांनी घर केलं. वायरी खाल्ल्या, आत मुतले, आणि सगळं जळलं. हार्ड डिस्कसकट.

मी म्हणालो, "फॉर्म काय, परत भरता येतात."

"फॉर्मचं न्हाय वो. फोटो गेले."

मला कळेना. पासपोर्ट फोटो तर दोन मिनिटांत परत काढता येतो.

मग त्या जे बोलल्या ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणाल्या, "आमच्या गावात म्हातारी मानसं जन्मात येकदाच फोटो काढत्यात. पेन्शनीच्या फॉर्मला. त्यो बी माज्याच दुकानात. मानूस गेलं की घरचे माज्याकडं येत्यात, ताई, आमच्या बापाचा फोटो काढा, भिंतीला लावायचाय. मागं येक जन आला, आईचा फोटो द्या म्हनला. मी काय देनार? डिस्क जळलेली. त्यानं आधार कार्डावरचा मोठा करून लावला. त्यात ती बाई वळखूच येत न्हाय, दादा. पोरगा रोज वळख नसलेल्या बाईच्या पाया पडतोय."

पुढे म्हणाल्या, "ह्या बारीला फोटो गेले तर मी दुकान बंद करनार. कुन्या तोंडानं बसू?"

तोपर्यंत मी डबा म्हणजे पत्रा आणि स्क्रू समजत होतो. त्या दिवशी मी स्वतः उठून डबा निवडायला बसलो. बाजूचा पत्रा अंगठ्यानं दाबला. जो डबडब वाजला तो बाजूला. कडांवरून बोट फिरवलं; जिथं कड दुमडलेली नाही तो बाजूला, कारण असल्या कडांनी माझी बोटं किती वेळा कापली त्याला गणती नाही. पंख्याला बारीक जाळी पाहिजे, आणि ती धुता आली पाहिजे. मागच्या पट्ट्या तोडून काढायच्या नकोत, स्क्रूनं बसणाऱ्या हव्यात. नाहीतर एकदा तोडली की उंदराला दार उघडं.

शेवटी एक काळा, साधा, ठोकळा डबा निघाला. काच नाही, लाईट नाही. बरेच महिने कुणी हात न लावल्यामुळे कोपऱ्यात पडलेला. किंमत काचेच्या डब्याच्या निम्मीसुद्धा नाही. ताईंनी तो माठ वाजवून बघतात तसा बोटांच्या पेरांनी वाजवला. मग सगळीकडून करंगळी फिरवली. एका ठिकाणी गेली. तिथं मी त्यांच्यासमोर जाळी कापून बसवली.

"आता द्या," त्या म्हणाल्या.

अंबादास नंतर मला म्हणाला, "तू इतका गोड कधी झालास बे?"

* * *

आमच्या एका टॉवेलच्या कारखानदाराचा कॉम्प्युटर दर सहा महिन्यांनी बंद पडतो. यंत्रमागाच्या शेजारी ऑफिस. हवेत कापसाचे तंतू उडत असतात. मी त्याला पहिल्यापासून सांगत होतो, जाळीवाला डबा घ्या आणि जाळी आठवड्याला झाडा. त्याला मात्र जास्त भोकांचा डबा पाहिजे होता. "हवा खेळली पाहिजे विलासराव!"

हवा खेळली. एकदा डबा आणला, मी बाजू उघडली, आणि आत मदरबोर्ड दिसेचना! सगळा पांढरा कापूस. मऊ, गुबगुबीत. पंख्याभोवती तर अशी गुंडाळी बसलेली की ती अख्खी एका तुकड्यात निघाली.

कारखानदार शेजारीच उभा होता. मी ती गादी त्याच्या हातात दिली. आता शरमेल म्हणून बघतोय, तर त्यानं दोन बोटांत धागा ओढला, पीळ दिला, उजेडात धरला आणि म्हणाला,

"क्वालिटी चांगली आहे की!"

* * *

एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांच्यासारखं अभ्यास करून कॅबिनेट घेणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. हातात शंभर पानी वही. तीत शहरातल्या सगळ्या दुकानांतले डबे, लांबी, रुंदी, उंची, पत्र्याची जाडी, सगळं सुवाच्य अक्षरात. टेबलाच्या एका कप्प्यात डबा बसवायचा होता, त्या कप्प्याचं माप लाल शाईत.

तीन वेळा आले, तीन वेळा टेप लावून मोजलं. चौथ्या वेळी घेतला. जाताना मला म्हणाले, "घाईनं घेतलेली वस्तू माणूस आयुष्यभर सांभाळत बसतो."

मला पटलं. अंबादासलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी जोडायला मी घरी गेलो. डबा कप्प्यात सरकवला. अहाहा! कागदाची घडी जाणार नाही इतका नेमका! सरांनी माझ्याकडे विजयानं बघितलं.

मी म्हणालो, "सर, वायरी कुठून लावू?"

डब्याची सगळी भोकं मागच्या बाजूला. मागे टेबलाची सागवानी फळी. डबा आणि फळी यांच्यात जागा शून्य.

सरांनी मागची फळी बोटानं ठोकून बघितली. मग वहीचं पान उघडलं, लाल शाईतलं माप परत वाचलं. मग खुर्चीवर बसले आणि शांतपणे म्हणाले,

"छत्तीस वर्षं पोरांना सांगत होतो, पेपर उलटून बघा, मागच्या पानावरही प्रश्न असतात!"

* * *

सुरेखाताईंचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. बिघाडाचा क्वचितच. बहुतेक वेळा डब्याची खुशाली सांगायला! आम्ही सोयऱ्याचा फोन आल्यासारखा स्पीकरवर टाकायचो.

"आण्णा," त्या अंबादासला आण्णा म्हणायच्या, "काल शेळी घुसली दुकानात. उडी मारून सीपीयूवर हुबी."

"अय्यय्यो! मग?"

"मग काय, डब्याला वरखडा बी न्हाय. शेळी घसरून पडली."

दुसऱ्यांदा फोन आला तो फोटोंचा. "दादा, उंदरानं येक रात सगळा खटाटोप केला. जाळीवर दातांच्या खुना हायत. पर आत गेला न्हाय. सगळी मानसं जाग्यावर हायत."

माणसं म्हणजे फोटो. त्यांच्या बोलण्यात फोटो हा शब्द हळूहळू मागे पडला होता. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये ज्या फोल्डरमध्ये सगळे पासपोर्ट फोटो ठेवले होते, त्याचं नावसुद्धा त्यांनी "माणसं" असं दिलं होतं.

मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "ताई, एकदा डिस्क घेऊन या, एक कॉपी काढून इथं ठेवतो." त्या म्हणायच्या, "येते की." मेंढरं, फॉर्मची गर्दी, जत्रा. राहून जायचं. मीही मागे लागलो नाही, हे कबूल केलं पाहिजे.

* * *

आता घरचं. जगाला मजबूत डबे निवडून देणाऱ्या माझ्या घरी जो कॉम्प्युटर होता, त्याला डबाच नव्हता! मदरबोर्ड चपलांच्या खोक्यावर, डिस्क खिडकीत, पंखा सुतळीनं बांधलेला. मला काय, सारखं काही ना काही बदलायचं असतं, कोण स्क्रू काढत बसणार?

माझी बायको वंदना आठ वर्षं ते सहन करत होती. केर काढताना त्याच्याभोवती झाडू असा फिरवायची की जणू पेशंट झोपलाय.

मग आमच्या वस्तीतल्या विहारातल्या वाचनालयाला एक कॉम्प्युटर पाहिजे होता. मी दुकानातून चांगला, नवा डबा घेतला, सामान भरलं, सगळं झटपट तयार केलं. तो विहारात ठेवून आम्ही परत आलो. वंदना आमच्या घरातल्या त्या उघड्या संसाराकडे बघून म्हणाली,

"लोकांच्या कॉम्प्युटरला अंगभर कपडे घालता, आणि घरच्याला लंगोट पण नाही!"

दुसऱ्या दिवशी डबा आणला. बंद केल्यावर कळलं, दोन स्क्रू आतच पडलेत. अजून तिथंच आहेत. हलवला की वाजतात, वंदना हसते.

* * *

हा शेवटचा. हा सांगताना मी अजून हसत नाही, पण अंबादास हसतो, म्हणून सांगतो.

यंदाच्या उन्हाळ्यात सुरेखाताईंचा फोन आला. गावात लाईटचा दाब एकदम वाढला होता आणि कॉम्प्युटर सुरू होईना. व्हिडिओ कॉलवर मी त्यांच्याकडून सगळं करून घेतलं. बाजू उघडायला लावली, रॅम काढून खोडरबरानं घासायला लावली. बाईचा हात असा नेमका आणि स्वच्छ, की तिला दुकानातच ठेवून घ्यावं! पण काही उपयोग होईना. शेवटी मी म्हणालो,

"ताई, तुमचा सीपीयू गेला. आता त्याच्या नादी लागू नका. मी नवा पाठवतो."

"आन बाकीचं?"

"बाकी सगळं चांगलं आहे."

"फोटो?"

"फोटोंना काही होत नाही. ते वेगळीकडं असतात."

"मंग जुन्या सीपीयूचं काय करू?"

"टाका भंगारात. आता त्यात काही राहिलेलं नाही."

मी बोलत होतो त्या चकतीबद्दल. फोटो तिच्याहून वेगळीकडे, म्हणजे डिस्कवर. त्या ऐकत होत्या डब्याबद्दल! फोटो वेगळीकडे, म्हणजे सोलापुरात, दादांकडे. मी इतक्या वेळा कॉपी ठेवतो म्हणालो होतो, त्यांना वाटलं, दादांनी कशी तरी ठेवली असणार. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, दुसरं काही नाही.

आठवड्यानं परत फोन. "दादा, बिरूआप्पा गेले. आमच्या वाडीचं सगळ्यात म्हातारं मानूस. चार दिवसावर दहावा हाय. त्यांचा ल्योक महादेव हितं येऊन बसलाय. तेवढा फोटो पाठवा की."

"कुठला फोटो?"

"आप्पांचा. तुमच्याकडं हायत न्हवं समदी मानसं?"

मी उभा होतो तो खाली बसलो. विचारलं, "ताई, जुना सीपीयू कुठाय?"

"भंगारात दिला की. तुमीच म्हनला."

 अंबादासनं फोन माझ्या हातातून घेतला, भंगारवाला कोण, कुठला, ते विचारलं आणि शटर ओढलं. भर दुपारी! स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा अर्धा दिवस दुकान उघडं ठेवणारा माणूस. त्याच्या जुन्या गाडीतून आम्ही करमाळ्याला निघालो. डिकीत एक नवा डबा, पाठवायचा राहिलेला सीपीयू, म्हणजे खरा सीपीयू, आणि माझा लॅपटॉप. वाटेत तो एकदाही मला बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटत होती. एके काळी ह्याच एका शब्दावरून मी सगळ्यांना शिकवायला जायचो, आणि जिथं गरज होती तिथं दोन वाक्यं जास्त बोललो नाही.

बाजाराच्या मागे भंगारवाल्याचं आवार. सुरेखाताई आमच्या आधी पोचलेल्या. शेजारी महादेव, पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडी, डोकं नुकतंच भादरलेलं.

मी भंगारवाल्या मामांना विचारलं, "काळा सीपीयू आला होता, ह्या ताईंचा?"

"आला हुता की. गेला."

"कुठं?"

"परवाच इकला. लई मजबूत डबा, म्या बी ठेवनार हुतो. पर येक बाई मागंच लागली. कोंबड्यांच्या खाद्याला पायजे म्हनली, उंदीर लागत न्हाय."

सुरेखाताईंनी पदर तोंडाला लावला. महादेव जमिनीकडे बघत होता. कोण बाई, कुठली, मामांना माहीत नव्हतं.

अंबादास म्हणाला, "मामा, सीपीयू नेला ना तिनं?"

"व्हय."

"आणि आतलं?"

"आतला कचरा व्हय? त्यो कोन नेतंय? कचरा काढून द्या, मंगच सीपीयू नेते म्हनली. पोत्यात हाय तितं."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या चुकीच्या शब्दाला हात जोडले!

पोतं ओतलं. मिक्सरच्या मोटरी, पंख्यांची पाती, तुटके चार्जर. त्यात ताईंचा मदरबोर्ड, आणि खाली, सुतळीत गुंतलेली डिस्क. आमच्या दुकानाचं स्टिकर अजून तसंच. तिथंच तराजूशेजारी मी लॅपटॉप उघडला, वायर लावली. डिस्क फिरल्याचा बारीक आवाज आला. चौघं माझ्या डोक्यावर वाकलेले. 

"माणसं" उघडलं. एकामागून एक चेहरे यायला लागले.

सुरेखाताई मोठ्यानं रडल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दादा, तुमची चूक न्हाय, माजी बी न्हाय. त्या डब्याचं नावच चुकलंय."

गावात जाऊन मी नव्या डब्यात सगळं बसवलं. सुरू झाल्यावर सगळ्या फोटोंच्या दोन कॉप्या काढल्या, एक स्वतःच्या खिशात घातली. मग ताईंनी बिरूआप्पांचा फोटो काढला. पेन्शनच्या फॉर्मवरचा. मागे पांढरा पडदा, लाल फेटा, नुसता चेहरा, सरळ बघणारा.

"ह्योच छापू का, महादेवभाऊ?"

महादेव म्हणाला, "मोठा हुता न्हवं? त्या दिशी म्या हुतो की संगं."

ताईंनी शोधून मूळचा फोटो उघडला. न कापलेला. आप्पा स्टुलावर बसलेत, आणि मांडीवर, दोन्ही हातांत धरलेलं एक कोकरू. दोन दिवसांचं. त्याची आई मेलेली, आणि आप्पा त्याला खाली ठेवायला तयार नव्हते. ताई खूप विनवत होत्या, फॉर्मला चालत न्हाय आप्पा. आप्पा म्हणाले होते, तुजं तू बग. मग ताईंनी फोटो काढून नंतर चेहरा तेवढा कापून घेतला होता.

कोकरू थेट कॅमेऱ्यात बघत होतं. आप्पा कोकराकडे.

महादेवनं स्क्रीनवरच्या कोकरावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "कापू नका."

दहाव्यानंतर मी फोन केला. माझा जीव त्या फोटोत अडकला होता. विचारलं, "ताई, फोटो बरा आला का? घरच्यांना आवडला?"

"लई बेस आला, दादा. चौकटीत घालून पाटावर ठिवला. आप्पांच्या म्हातारीनं आप्पांच्या कपाळाला भंडारा लावला. मंग कोकराच्या कपाळाला बी लावला."

"आणि?"

"मंग हार घातला आन फोटोला म्हनली, येकच आनलाय, दोगं मिळून घाला."